दादाच्या शिव्यांचं शपथपत्र

“दिवाळं? माझं दिवाळं?” दादा एवढ्यानं ओरडला की जुन्या जालन्यातल्या गोदामांवरची कबुतरं उडाली ती थेट परतूरला जाऊन बसली. त्याच्या हातात नोटीस होती. आमच्या ठिबकच्या नळ्यांच्या कंपनीला प्लास्टिकचा दाणा पुरवणाऱ्या व्यापाऱ्यानं धाडलेली. थकबाकी दहा दिवसांत भरा, नाहीतर कंपनी दिवाळखोरीत काढायला कोर्टात जातो. तसं झालं असतं तर दादानं उभा केलेला कारखाना कुणा परक्या साहेबाच्या ताब्यात गेला असता.

पैसे दादानं मुद्दाम अडवले होते. दाणाच खराब निघाला होता.

आमच्या वकीलबाईंनी विचारलं, “नोटिशीच्या आधी तक्रार केली होती का? लेखी? वाद आधीचा असला तर दिवाळखोरीचा अर्ज टिकत नाही.”

“लेखी?” दादा चमकला. “ताई, तीस वर्षांची दोस्ती हाय. माझ्या पोरीच्या लग्नात पंगतीला वाढून राह्यलता तो. त्याला काय पत्र लिहू?”

कंपनीचा पत्रव्यवहार माझ्याकडे होता, म्हणून मी छताकडे पाहिलं. पण आमच्याकडे रीतच ती. परक्याला पत्र, आपल्या माणसाला तोंडावर. त्यात दादाला मोबाइलवर टाइप करायचा कंटाळा. तो फोन तोंडाशी धरून आवाजच पाठवायचा.

बाईंनी फोन मागितला. चौदा निरोप निघाले, सगळे नोटिशीच्या आधीचे. पहिला लावला आणि टेबलावरचा पाण्याचा पेला आपण होऊन दारापर्यंत चालत गेला. मी या डोळ्यांनी पाहिलं.

“गाढवा, हा दाणा हाय का खडे? नळी पापडावानी मोडून राह्यली! मंग पैसे कशाचे मागतो, तुझ्या टकलाचे?”

हा त्यातला सगळ्यात सभ्य. बाईंनी तीन दिवस कानाला हेडफोन लावून सगळं कागदावर उतरवून घेतलं.

“थोड्या शिव्या गाळा की, ताई,” दादा गयावया करू लागला. “बिलकुल शरम वाटून राह्यली.”

“एकही गाळायची नाही. तारखेसकट सगळ्या लागतात.”

व्यापारी कोर्टात गेलाच. मुंबईच्या कोर्टात आमच्या शपथपत्रातल्या त्या शिव्या इंग्रजीत वाचल्या गेल्या. व्यापारी समोरच्या बाकावर मान खाली घालून बसला होता. त्याचा वकील म्हणाला, “ही तक्रार नाही, नुसती शिवीगाळ आहे.”

न्यायाधीशांनी कागदावरून नजर वर केली. “शिवीगाळ मालाबद्दलच आहे ना?”

झालं. वाद नोटिशीच्या आधीचाच आहे, म्हणून अर्ज फेटाळला. कारखाना वाचला.

आता दादाच्या आरोळीनं कोर्टाचं छप्पर समुद्रात जाणार, म्हणून मी कान झाकून तयार. पण तो गुपचूप बाहेर गेला आणि जिन्यापाशी व्यापाऱ्याला गाठून इतक्या हळू बोलला की जन्मात पहिल्यांदा मला त्याचं ऐकायला जवळ जावं लागलं.

“ते... रागात बोलून गेल्तो मी. आज सगळ्यांसमोर ऐकावं लागलं तुला.”

व्यापाऱ्यानं फाइल काखेत घातली.

“मी तेव्हाच ऐकल्तं, नोटिशीच्या आधी,” तो म्हणाला.