वाट्याची मेंढी

निम्मं आयुष्य मेंढरांमागं काढून बेल्ह्याच्या निर्मलाबाईंनी घोंगड्यांची कंपनी काढली. पुण्याचे एक साहेब तिच्यात पैसे गुंतवायला आले. बाईंना ठाऊक होती ती वाट्याने मेंढी द्यायची रीत: निम्मी कोकरं सांभाळणाऱ्याची, निम्मी मालकाची.

"आमच्यात मेंढी मेली तर सांभाळणारा भरून देत न्हाई," त्या म्हणाल्या.

"धंदा बुडाला तर मीही मागणार नाही."

इथवर जमलं.

"अन् कोकरं कवा नेणार?"

"नफा नकोच. पाच वर्षांनी माझा वाटा दुसऱ्याला विकीन."

बाई बुचकळ्यात पडल्या. कोकरं न नेणारा मालक त्यांनी जन्मात पाहिला नव्हता.

"कुणाला?"

"ते आत्ता कसं सांगू?"

"पावणं, सोयरीक तुमच्याशी जुळवायची, अन् नांदायचं कुणाच्या घरी ते तुमालाबी ठावं न्हाई?"