चिकटलेलं पान

मोरचूद घातलेल्या खळीचा तो आंबूस, किंचित कडवट वास अजून माझ्या बोटांना आहे. माघातलं ऊन उमरखेडच्या बाइंडर हुसेनचाचांच्या उंबऱ्यावर तिरपं पसरलं होतं, गल्लीतून कापसाच्या बैलबंड्या जात होत्या, आणि शेतमजुरांच्या मजुरीविषयी आमच्या संघटनेने काढलेल्या पत्रकांचा नवा गठ्ठा घेऊन मी बांधणीसाठी बसलो होतो. हाताला चाळा म्हणून फळीवरची एक कव्हर नसलेली जुनी कादंबरी ओढली. पहिल्याच पानावर लाल पेन्सिलीने लिहिलं होतं, 'निरुपयोगी'. अक्षर माझंच.

मागल्या वर्षी आमच्या ढाणकीच्या वाचनालयाची कपाटं मीच रिकामी केली होती. माणसं उपाशी असताना परसदारातली रडगाणी कशाला जपायची, असा माझा जाहीर सवाल होता. उत्तराची वाट न पाहता तो ढीग मी चाचांकडे रद्दीत टाकला होता.

आता ती कादंबरी तिथेच बसून वाचली. स्पष्टच सांगतो, तिच्यात काही म्हणजे काही घडत नाही. अंबू नावाची मास्तरांची बायको कंदिलाची काच पुसते, उशिरा येणाऱ्यांसाठी भाकरी झाकून ठेवते, परसातल्या जाईला न्हाणीचं पाणी वळवते. वर्षं सरतात, मुलं दूर जातात, वेल नुसता पानांनी भरतो, फुलत नाही. पण त्या झाकलेल्या भाकरीपाशी मी थबकलो. प्रत्येक सभेनंतर माझीही भाकरी अशीच झाकलेली असते, आणि ती झाकणारी माझी वहिनी माझ्या एकाही पत्रकात नव्हती.

शेवटचं पान मात्र गायब होतं.

"तुमच्याच पत्रकांत गेलं, भाऊ," चाचा म्हणाले. "मागल्या साली कागद नव्हता, अन् तुम्ही घाई करून राह्यले होते. तुमच्या पुठ्ठ्याले आतून तेच लावलं."

"मले सांगितलं काहून नाही?"

"लाल पेन्सिल चालवाच्या आधी तुम्ही कोणाले इचारलं होतं?"

घरी येऊन मागल्या वर्षीच्या पत्रकांचा बांधीव ठोकळा उघडला. पुठ्ठ्याच्या आत अंबू वेलाशी वाकून पाहत होती, शेंड्याला कळी आहे की पालवी. आणि पुढचा मजकूर पानाच्या चिकटलेल्या बाजूला. चुलीपाशी बसून हे सगळं वहिनीला सांगितलं. भाकरी थापता थापता तिचा हात थांबला.

"मंग फूल आलं काय, भाऊजी?"

जेवता काय, याखेरीज तिने मला विचारलेला तो पहिलाच प्रश्न.

दुसऱ्या दिवशी पुन्हा उमरखेडची एसटी धरली. "पान सुटन का फाटन, सांगता येत नाही. तुमची बांधणी मात्र जाईन," चाचांनी बजावलं. मी ठोकळा पुढे सरकवला. त्यांनी ओलं फडकं पसरलं. पाणी कागदात सावकाश उतरत गेलं, अंबूच्या ओळींखालून उलटी अक्षरं सावलीसारखी वर येऊ लागली, आणि घरी काय सांगायचं ते त्यांतून वाचू पाहत मी उन्हात बसून राहिलो.