मायचा पडलेला खांदा

मी चित्रकलेचा मास्तर. भोकरदनच्या शाळेत तीस वर्षं पोरांना ग्रेड परीक्षांना बसवलं आणि स्मरणचित्राच्या पेपरासाठी एकच चित्र घोटून घेतलं: बाजार, डावीकडे झाड, झाडाखाली भाजीवाली, तिच्यापुढे तराजू. विषय कोणताही येवो, हेच थोडं फिरवून काढायचं. स्मरणाशी त्याचा काडीचा संबंध नव्हता, पण पोरं पास होत आणि मी खूश. एखाद्याची भाजीवाली वाकडी आली, की मी खोडरबर घेऊन तिचे खांदे सरळ करून द्यायचो.

माझी स्वतःची चित्रंही त्यातलीच. फोटोवर चौकोन पाडायचे, कागदावर तेवढेच मोठे चौकोन पाडायचे आणि एकेक घर भरत जायचं. तालुक्यातल्या कितीतरी भिंतींवर मी काढलेले बाप आणि आजोबा आहेत. कुणाचं नाक तसूभर इकडचं तिकडे नाही.

आमची माय मात्र कुठल्याच भिंतीवर नव्हती. मी सात वर्षांचा असताना ती गेली, आणि तिचा फोटो कधी निघालाच नाही. गेल्या वर्षी अक्काचा, माझ्या थोरल्या बहिणीचा, एक डोळा काचबिंदूनं गेला. दुसराही फार दिवसांचा नाही असं डॉक्टर म्हणाले. तिनं पिंपळगाव रेणुकाईहून फोन केला.

"साऱ्या तालुक्याचे बाप काढले तू. मला दिसतंय तव्हर माय दाखव."

फोटोच नाही तर चौकोन पाडू कशावर? महिनाभर मी टाळाटाळ केली. चार वेळा चेहरा काढायला बसलो आणि चारही वेळा ती परीक्षेतली भाजीवालीच आली. स्वतःची लाज वाटली. शेवटी एका दुपारी चिडून पेन्सिल फेकली आणि कॅनव्हासवर सरळ तपकिरी रंग फासला. मायचा चेहरा आठवत नव्हता. आठवत होती तिची पाठ. ओटी बांधून कापूस वेचत ती पुढे जायची आणि मी मागे मागे. हात आपला आपण चालत राहिला. थांबून बघितलं आणि दचकलोच. समोर कोणीतरी खरोखरच उभं होतं.

पण डावा खांदा चांगलाच खाली आला होता. साठी उलटल्यावर हात कापतो, त्याचाच हा प्रताप, असं मी धरून चाललो. पंधरा दिवस तो खांदा मला टोचत राहिला. अक्का येणार त्या सकाळी माझ्यातल्या मास्तराला राहवेना. रंग कालवला आणि खांदा सरळ केला.

अक्का बसनं आली. चित्राला नाक लागेल इतक्या जवळून तिनं बघितलं.

"ही माय न्हाई."

माझा चेहरा पडला.

"पाठ मायचीच हाय," ती म्हणाली, "पण खांदे बराबर कसे? मायचा डावा खांदा पडल्ता. विहिरीच्या कामावर पाय घसरला तिचा. डोक्यावर मातीची पाटी, कडेवर तू. पाटी टाकून दिली, तुला न्हाई सोडलं. माय खांद्यावर आदळली. हाड मंग तसंच वाकडं जुळलं."

साठ वर्षांत हे मला कोणी सांगितलं नव्हतं.

"मला का न्हाई सांगितलं?"

"मायनंच सांगू दिलं न्हाई. म्हनायची, पोराच्या जिवाला लागंल."

म्हणजे माझ्या हाताला माहीत होतं, मला नव्हतं. आणि ते मी सकाळी माझ्याच हातानं बुजवलं होतं. सकाळचा रंग अजून ओला होता. फडकं टर्पेंटाइनमध्ये बुडवून मी हळूहळू पुसायला लागलो. खालचा रंग खरवडला जाऊ नये म्हणून फडकं जेमतेम टेकवत होतो. थोड्या वेळानं आधीचा वाळलेला खांदा वर आला, तसाच, खाली झुकलेला.

अक्कानं त्यावर बोट टेकवलं. तिचे दोन्ही डोळे वाहत होते, गेलेलाही. मी सवयीनं चित्राच्या कडेचा रंगाचा एक ओघळ टिपायला पुढे झालो, तशी तिनं माझं मनगट धरलं.

"राहू दे आता. हात नको लावू."

तीस वर्षांत मी एकाही पोराला हे म्हटलं नव्हतं.