थांबायचं कधी?

मधल्या सुट्टीत फोन आला. बुधवार पेठेत इलेक्ट्रॉनिक्सचं दुकान असलेला रझियाचा भाऊ बोलत होता. ‘‘ताई, रझिया गेली… झोपेतच.’’ मी उघडलेला डबा तसाच बंद केला. शिक्षकखोलीत समोर तिची खुर्ची होती.

हडपसरच्या आमच्या शाळेत ती विज्ञान शिकवायची, मी मराठी. विज्ञानाच्या तासात संगणकीय विचार आणा, म्हणजे संगणकाला सांगावी तशी पायरीपायरीनं नेमकी कृती सांगायला शिकवा, असं प्रशिक्षणात सांगितलं गेलं तेव्हा शाळेतले संगणक धूळ खात पडले होते. आम्ही सगळ्यांनी हात वर केले. रझिया म्हणाली, ‘‘संगणक नाही ना? मी होते संगणक.’’ तेव्हापासून सातवीची मुलं कृती सांगायची आणि ती सांगितलं तेवढंच करायची. ‘पाण्यात मीठ टाका, ढवळा’ म्हटलं, की ढवळतच राहायची, पार तासाची घंटा होईपर्यंत. मलाही चिडवायची, ‘‘तुझं मराठी म्हणजे चवीपुरतं मीठ. चव कोणाची, ते कोण सांगणार?’’

एक पालक मुख्याध्यापकांकडे तक्रार घेऊन आले, ‘‘मीठ ढवळायला पगार देता का यांना?’’ आता हे तास बंद होणार, अशी चिन्हं दिसू लागली. रझिया शांतपणे म्हणाली, ‘‘अहो, आपणच येऊन एकदा कृती सांगा ना.’’ त्यांनी वर्गात येऊन ऐटीत सांगितली. ही ढवळतेय, ढवळतेय… शेवटी ते वैतागले, ‘‘पुरे की आता.’’ ‘‘पुरे म्हणजे किती?’’ तेवढ्यात त्यांचीच मुलगी अन्विता उठली, ‘‘बाबा, असं सांगा. एक चमचा टाका, ढवळा. विरघळलं तर परत एक टाका. विरघळेनासं झालं की थांबा.’’ संपृक्त द्रावण म्हणजे काय, हे पोरीनं पाठ केलं नव्हतं, शोधून काढलं होतं. बाबांनी तक्रार मागे घेतली. तास चालू राहिले आणि पुढे तर पार शहराच्या दुसऱ्या टोकाच्या वारज्यापासूनचे शिक्षक येऊन तिच्या वर्गात मागच्या बाकावर बसू लागले. ती माझी मैत्रीण, हे सांगताना माझी मान आजही ताठ होते.

नव्या शिक्षिका येईपर्यंत तिचा तास माझ्याकडे आला. प्रयोगशाळेत पाऊल टाकलं. तिचं चंचुपात्र घेतलं, पाण्यात एकेक चमचा मीठ टाकत ढवळू लागले… डोळे भरून आले तरी हात चालूच. अन्विता उठून जवळ आली. ‘‘मॅडम, विरघळेनासं झालंय केव्हाचं.’’ तरी मी ढवळतच होते. मग तिनं माझ्या हातातली काचकांडी हळूच काढून घेतली.

‘‘थांबा आता, मॅडम.’’