युंकरांचा एक मार्क

सनाच्या पेपरवरचं ते शून्य मीच दिलं होतं, आणि आता ती पाठ्यपुस्तक उघडून माझ्या टेबलापाशी उभी होती.

आखातातल्या अल ऐन शहरात एका इंडियन स्कूलमध्ये मी दहावीला इतिहास शिकवते. प्रश्न एका मार्काचा होता: युंकर म्हणजे कोण? सनाने लिहिलं होतं, प्रशियातले बडे जमीनदार सरदार. पुस्तकात तेच आहे, वर्गात मीही तेच शिकवलं होतं. पण हेड ऑफिसहून आलेल्या आन्सर कीमध्ये, म्हणजे तपासताना समोर ठेवायच्या उत्तरांच्या यादीत, छापलं होतं: प्रशियाचे लष्करी अधिकारी. चाळीस पेपर उरकायचे होते. मी यादी बघत गेले आणि डोकं बाजूला ठेवलं. त्याची लाज अजून वाटते.

त्या शून्यामुळे सनाचे एकोणऐंशी झाले. आमच्याकडे अकरावीच्या ह्युमॅनिटीजला इतिहासात ऐंशी लागतात. नाहीतर कॉमर्स. तिला इतिहासच शिकायचा होता. रत्नागिरीहून येऊन इथे गॅरेज चालवणाऱ्या अब्बांना तिने मोठ्या मुश्किलीने राजी केलं होतं.

मी तडक कोऑर्डिनेटर मॅथ्यू सरांकडे गेले. युंकर घराण्यांतली मुलं सैन्यात अधिकारी व्हायची, म्हणून प्रत्येक अधिकारी युंकर ठरत नाही, हे समजावलं. त्यांनी पुस्तक हातातसुद्धा घेतलं नाही.

"मॅडम, की चेंज नहीं होगी. तीनों ब्रांचेस का रिझल्ट रुक जाएगा."

"तो गलत रिझल्ट लगाएँगे, सर?"

"एक ही मार्क है ना."

माझी तळपायाची आग मस्तकात गेली. यांचा एक मार्क, पोरीची दोन वर्षं! मार्कशीटवर सही करणार नाही असं सांगून मी बाहेर पडले आणि पुस्तकातल्या पानाचा फोटो जोडून हेड ऑफिसला मेल टाकला. दोन दिवस स्टाफरूममध्ये माझ्याशी कुणी धड बोललं नाही.

तिसऱ्या दिवशी उत्तर आलं. एकच ओळ, त्यात सॉरी नाही. दोन्ही उत्तरं ग्राह्य धरावीत.

सनाला ऐंशी मिळाले, सीटही मिळाली. मी खुशीत सांगायला गेले, तर तिने शांतपणे विचारलं, "बट मॅम, देअर आन्सर इज स्टिल राँग, नो?"

चूकच होतं. आणि त्याला मार्क मीच देऊन बसले होते.

इतक्या वर्षांच्या नोकरीत एवढं कळलं: ऑफिसं चूक कधी खोडत नाहीत. फारच ओरडलं, तर बरोबर उत्तराला तिच्या शेजारी बसायला जागा करून देतात.