भात्यावरचा हात

आमच्या गल्लीच्या तोंडाशी वांगी विकणाऱ्या त्या माणसाला स्वतःला पेटी वाजवता येत नाही. पण जिल्ह्यातल्या भजनांत कोणाची पेटी कशी, हे तो न विचारता सांगतो. "निर्मल गावचा तो बोटं लय पळवते, भाऊ. वाजवते का वांगे मोजते? इंद्रवेल्लीवाला बरा हाय, पण गाणाऱ्याच्या अंगावर चढते."

भैंशाच्या म्हाताऱ्या पेटीवाल्याचा विषय निघाला, की मात्र तो हातातलं वांगं खाली ठेवायचा. "तो थांबते. शेवटच्या ओळीले बोटं उचलते अन् गाणाऱ्याले एकटा सोडते. तसं कोनाले जमत नाई."

तो म्हातारा दिवाळीनंतर गेला. त्याच्या दहाव्याच्या भजनाला वांगीवाला आणि मी एकाच बसने गेलो. पेटी म्हाताऱ्याचीच होती, वाजवणारा नवा. अभंगाची शेवटची ओळ आली तरी नव्याची बोटं थांबेनात. तेव्हा हा उठला, माणसांतून वाट काढत पुढे गेला आणि त्याने भात्यावर पंजा दाबून धरला. पेटी विझत गेली. गाणारा एकटा उरला. त्याचा आवाज फाटला, पण ओळ त्याने पुरी केली.

"काऊन अडवलं?" नवा चिडला.

"म्हातारा इथं थांबे," हा म्हणाला.

मंडळींनी त्याला धरून दूर दारापाशी बसवलं आणि पुढचा अभंग सुरू केला. शेवटची ओळ आली, तसा त्याने तिथूनच पंजा जमिनीवर दाबून धरला.

पेटी वाजतच राहिली.