वसईच्या कोर्टात चुकीच्या बाकावर

नाशिकहून वसईची एसटी पकडली तेव्हा पिशवीत प्रश्नावल्यांचा गठ्ठा होता आणि मनात फाजील आत्मविश्वास. गुन्ह्याची झळ बसलेल्यांना कोर्टात सोबत करणारी एक छोटी संस्था तिथे आहे. तिच्या कामाचा खरंच उपयोग होतो का, हे मला दोन दिवसांत तपासायचं होतं. अशा तपासण्या मी वर्षानुवर्षं करते आहे. माणसं ओळखण्यात माझा हात धरणारं कोणी नाही, असं मी समजत असे.

स्टँडवर फिलोमिना टीचर घ्यायला आल्या. त्या निवृत्त शिक्षिका, आता संस्थेच्या कार्यकर्त्या. घरी नेऊन चहाबरोबर त्यांनी आगाशीची सुकेळी (सोलून उन्हात वाळवलेली केळी) पुढे केली. नको नको म्हणत मी चार संपवली.

तिथून थेट कोर्टात गेलो. नायगावच्या खाडीकडच्या गावातली सुनंदा आमची वाट पाहत होती. तिने मला सगळं सांगितलं. शेताच्या बांधावरून झालेल्या भांडणात शेजाऱ्याने काठी घालून तिचं मनगट मोडलं होतं. तिची साक्ष दुसऱ्या दिवशी होती.

"मग आज कशाला बोलावलंत?" मी विचारलं.

"लग्न ठरवण्याआधी घर बघून येतो ना आपण? तसंच," टीचर म्हणाल्या.

दुसऱ्याच कुणाचा खटला चालू होता, आम्ही मागे बसलो. उभं कुठे राहायचं, आरोपी कुठे असेल, पाणी कुणाकडे मागायचं, हे टीचरनी हळूच दाखवलं. काय बोलायचं याबद्दल मात्र त्या चकार शब्द बोलल्या नाहीत. निघताना सुनंदा म्हणाली, "आता मी कोनाला घाबरत नाय. उद्या येते."

दुसऱ्या दिवशी मी सगळ्यांच्या आधी पोचले. व्हरांड्यातल्या बाकावर एक म्हातारी डोळे पुसत बसली होती. ही सुनंदाची आई, असं मी परस्पर ठरवूनही टाकलं आणि शेजारी बसून तिचा हात हातात घेतला. तिनेही मन मोकळं केलं. "माझा पोरगा तसा नाय हो," ती म्हणाली, तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं. ती आरोपीची आई होती.

नेमकी तेव्हाच सुनंदा जिना चढून वर आली. तिने आमचे एकमेकींत गुंतलेले हात पाहिले आणि ती आल्या पावली परत फिरली.

मागून आलेल्या टीचर रागावल्या नाहीत, याचीच मला जास्त लाज वाटली. "तुम्ही बिघडवलंत, आता तुम्हीच जा," एवढंच म्हणाल्या.

सुनंदा फाटकाबाहेर रिक्षाची वाट पाहत होती.

"तुमी त्यांच्याकडच्या. काल माझं सगळं ऐकून घेतलं."

"चूक झाली माझी. मला वाटलं, तुमची आई आहे."

"काय बोलली ती?"

सांगितलं असतं तर ती लगेच वर आली असती. मोह झाला, खोटं कशाला बोलू! पण मी म्हटलं, "ते नाही सांगणार. आणि तुमचं तिला नाही सांगणार."

रिक्षा आली. सुनंदाने माझ्याकडे पाहिलं आणि रिक्षावाल्याला हातानेच नको म्हटलं. "चला. पन तुमी पुढं चाला."

उलटतपासणीत आरोपीच्या वकिलांनी हसत विचारलं, "काल तुम्हाला इथे आणून शिकवलं ना या लोकांनी?"

"शिकवलं ना. उभं कुठं राहायचं, ते टीचरनी शिकवलं." सुनंदाने सरळ न होणारं मनगट वर धरलं. "बोलायचं काय, ते ह्यानं शिकवलं."

वकिलांचं हसू मावळलं. माझे डोळे भरून आले.

निकालाला अजून वेळ आहे. परतीच्या एसटीत मी अहवाल लिहायला घेतला. काम उपयोगी आहे का? तपासायला आलेल्या बाईने सगळं उधळून लावलं, तरी साक्षीदार साक्ष देऊन गेली. याहून मोठा पुरावा माझ्याकडे नव्हता. तसंच लिहिलं, आणि उधळणाऱ्या बाईचं नाव म्हणून माझं नाव घातलं.